दीड कोटींचा चढाईपटू आणि त्याच्यामागचे सहा

प्रो कबड्डीत निलंग्याचा संघ नाही, आणि मग आपला संघ कुठला मानायचा यावर गावात एकमतही नाही. पुणेरी पलटण म्हणावं तर पुणे लांब. यू मुंबा म्हणावं तर मुंबई त्याहून लांब. जवळ आहे ते हैदराबाद. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबादला जोडले गेले आणि १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा लातूरकडे आले. म्हणून हैदराबादचा तेलुगू टायटन्स हा संघ निम्मा आपलाच, असं मानणारा एक गट आमच्या तालुक्यात आहे. औराद शहाजानी, कासार सिरसीकडे तो जरा जास्तच आहे. एप्रिल २०१९ च्या लिलावात या गटाला सणासारखा आनंद झाला, कारण टायटन्सनी सिद्धार्थ देसाईला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. हैदराबादचा संघ आणि त्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा, हुंदळेवाडीचा मराठी चढाईपटू! निष्ठेचे दोन्ही धागे एकाच जर्सीत आले.

सिद्धार्थने आदल्या वर्षी, २०१८ च्या सहाव्या हंगामात, यू मुंबाकडून पदार्पण केलं होतं. मुंबईने त्याला सुमारे ३६ लाखांना घेतलं होतं. उंच, रुंद बांध्याचा गडी. कोपऱ्यातल्याने पाय धरला तरी त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत येणारा. त्या हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले, लोक त्याला बाहुबली म्हणू लागले आणि वर्षभरात त्याची किंमत चौपट झाली. मग टायटन्सकडून सातव्या हंगामात त्याने किती गुण मिळवले? २१७. दोन हंगाम, दोन संघ आणि फरक एका गुणाचा. लिलावातल्या खरेदीला इतका चोख हिशेब क्वचितच लागतो. जे बघून घेतलं, तेच हाती पडलं. आणि टायटन्स बारा संघांत अकरावे आले.

खेळाडू अपयशी ठरला असता तर मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नसतं. महाग घेतलेला माणूस पडतो, लोक चार दिवस हळहळतात, पुढच्या वर्षी तो स्वस्तात जातो. इथे माणूस पडला नाही. त्याची पारख चुकली नाही, किंमत फार चुकली असंही म्हणता येत नाही, तरी खरेदी फळली नाही. म्हणजे पारख करताना जो प्रश्न विचारला गेला त्याचं उत्तर बरोबर होतं. प्रश्नच वेगळा विचारायला हवा होता.

कबड्डीतली चढाई ही कुठल्याही सांघिक खेळातली सर्वांत एकाकी कृती दिसते. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद मैदान. त्याचा निम्मा भाग शत्रूचा. तिथे एकटा माणूस तीस सेकंदांसाठी जातो, समोर सात जण असतात, आणि त्याचे सहा साथीदार मध्यरेषेच्या अलीकडे उभे राहून फक्त बघू शकतात. क्रिकेटमध्ये फलंदाजाला निदान समोरच्या टोकाला एक सोबती असतो. चढाईपटूला तोही नाही. म्हणून चढाईचा गुण हा त्या एकट्याचा, असं आपण सहज धरून चालतो. त्याची टीव्हीवर बेरीज येते, बेरजेची क्रमवारी लागते आणि क्रमवारीची किंमत ठरते.

पण चढाईपटूच्या हिशेबाचा मोठा भाग तो मैदानात नसताना लिहिला जातो. तो पकडला गेला की बाहेर जाऊन बसतो. स्वतःच्या कुठल्याही कर्तबगारीने तो परत येऊ शकत नाही. त्याच्या संघाने समोरचा एक खेळाडू बाद केला की आपला एक जिवंत होतो, तोही ज्या क्रमाने बाद झाले त्या क्रमाने. म्हणजे तिसऱ्या मिनिटाला पकडला गेलेला दीड कोटींचा माणूस चौथ्या मिनिटाला आत येणार की नवव्या, हे ठरवणार डाव्या कोपऱ्यात घोट्यावर झडप घालणारा कुणीतरी, ज्याची किंमत कदाचित दहा लाखही नाही. सिद्धार्थच्या मुंबईतल्या वर्षी डाव्या कोपऱ्यात इराणचा फझल अत्राचली होता, तोच कर्णधार. २०१८ च्या लिलावात एक कोटीचा आकडा सर्वांत आधी गाठला तो या फझलने, म्हणजे पकड करणाऱ्याने. लिलाव संपेपर्यंत चढाईपटू त्याच्या पुढे गेले, हरियाणा स्टीलर्सने मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख दिले, आणि फझलचा तो पहिला मान लोक विसरून गेले. हरियाणाला त्या वर्षी बाद फेरीही गाठता आली नाही, ती गोष्ट वेगळी.

इथे थांबून ‘टायटन्सकडे पकड नव्हती’ असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते आळसाचं उत्तर झालं. विशाल भारद्वाज आणि इराणचा अबोझर मिघानी हे नावाजलेले पकडपटू त्यांच्याकडे होतेच. शिवाय पकड अगदीच दुबळी असती तर सिद्धार्थचे स्वतःचे गुणही आटले असते. ते आटले नाहीत. खोट आणखी आत शोधावी लागते, आणि त्यासाठी गुणांच्या बेरजेखाली काय काय एकत्र ओतलेलं असतं ते पाहावं लागतं.

बोनसचं बघा. समोर सहा किंवा सात जण उभे असताना चढाईपटूने बोनस रेषा ओलांडून पाय टेकवला की एक गुण. हा गुण फलकावर चढतो, चढाईपटूच्या खात्यावर चढतो, पण त्याने समोरचा कुणी बाद होत नाही आणि म्हणून आपला कुणी जिवंत होत नाही. हाताने टिपून आणलेला एक गुण मात्र समोरचा एक कमी करतो आणि आपला एक वाढवतो. बेरजेत दोन्ही सारखेच. दोनशे गुणांच्या दोन चढाईपटूंपैकी एकाने शंभर साथीदार परत आणलेले असू शकतात आणि दुसऱ्याने दीडशे. फलक हा फरक दाखवत नाही. शिवाय बोनस मिळतो तो समोरचं मैदान भरलेलं असताना, म्हणजे बहुधा सुरुवातीला किंवा लोण चढल्यानंतर. आपले दोनच उरलेत, सगळी मदार एका चढाईवर आहे आणि समोर सहा सावध आहेत, अशा वेळी आणलेल्या एका गुणाचं वजन वेगळं. तोही एकच मोजला जातो.

रिकाम्या चढाईला तर खात्यावर जागाच नाही. पण तीन गुणांनी पुढे असताना, शेवटच्या दोन मिनिटांत, तीस सेकंद खाऊन अंगाला बोट न लागू देता परत येणारा माणूस संघाला सामना देऊन जातो. त्याच्या नावापुढे शून्य. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरोची: गुण आणा, नाहीतर बाद व्हा. पुष्कळ संघ आपला मुख्य चढाईपटू राखून या तिसऱ्या चढाईला दुसऱ्याच कुणाला पाठवतात. तो गडी कायम सर्वांत अवघड क्षणी जातो, त्यामुळे त्याची सरासरी कायम वाईट दिसते. लिलावात त्याची बोली लागेपर्यंत टेबलांवरचे लोक चहाला गेलेले असतात.

माझ्या ओळखीचे एक जुने खेळाडू आहेत. मातीवर खेळले, म्हणून मॅटबद्दल त्यांना थोडी अढी आहे. सिद्धार्थचा लिलाव झाला त्या संध्याकाळी पोरं त्यांच्याभोवती जमली होती.

“मामा, दीड कोटी! पैसे वसूल होतील का?”

“पोरगं चांगलंय. खोट नाही त्याच्यात,” मामा म्हणाले. “पण ते उजव्या अंगानं जातंय का डाव्या, अन् टायटन्सकडं दुसऱ्या अंगाचा कोण हाय, हे कुणी इचारलं का?”

कुणी विचारलं नव्हतं. पोरांनी मोबाईलवर गुण बघितले होते.

मामांचा प्रश्न बैलबाजारातून आलेला होता. आमचा भाग देवणी जातीचा. देवणी गाव आमच्याच जिल्ह्यात. पांढराशुभ्र बालंक्या, काळ्या तोंडाचा वानेरा, ठिपक्यांचा शेवरा, असे त्यातले रंगाचे प्रकार नवखा माणूस बघत बसतो. जाणता माणूस दात बघतो, खांदा बघतो, खुरं बघतो, चालवून बघतो. आणि ज्याच्या दावणीला एक बैल आधीच आहे तो आपला बैल सोबत घेऊन येतो. नवा त्याच्या शेजारी उभा करतो. उंची जुळते का, पाऊल जुळतं का, आणि मुख्य म्हणजे नवा कुठल्या बाजूला चालायला शिकलाय. डावीकडच्या सवयीचा बैल उजवीकडे जुंपला की चांगला असूनही अडतो. बाजारातला सर्वांत देखणा बैल घेऊन गेलेला आणि पेरणीच्या दिवशी शिव्या खात बसलेला शेतकरी आमच्याकडे प्रत्येक गावात एक तरी सापडेल. त्याने बैल पारखला होता, जोडी पारखली नव्हती. मग तिफण वाकडी चालते आणि दोष बैलाला लागतो.

चढाईपटूंचंही अंग असतं. काही जण डावीकडून शिरतात, काही उजवीकडून. दोन्ही मुख्य चढाईपटू एकाच अंगाचे असले की समोरच्या बचावाचं काम सोपं होतं. त्याच कोपऱ्याने सावध राहायचं, साखळीने त्याच बाजूला झुकायचं. टायटन्सना त्या हंगामात सिद्धार्थच्या आसपास जाईल असा दुसरा चढाईपटू, कुठल्याही अंगाचा, सापडलाच नाही. त्याचा सख्खा भाऊ सूरजही संघात होता, पण घरच्या जोडीचं मैदानात तसं जमलं नाही. मग व्हायचं तेच झालं. सिद्धार्थ आत असला की गुण, तो बाहेर बसला की शांतता. समोरच्या संघांनी ते लवकर ओळखलं. त्याला एकदा धरा, मग पुढची काही मिनिटं तुमची.

अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर नावाचा एक गडी असतो. आपल्या चढाईपटूशी त्याचं नातं दूरचं, पण त्याच्या किमतीचे प्रश्न मात्र सख्खे आहेत. मैदानाच्या कडेने तो सुसाट पळतो, बचाव करणाऱ्याला चुकवतो आणि लांबून फेकलेला चेंडू झेलतो. दरवर्षी महाविद्यालयातून येणाऱ्या मुलांना एकत्र बोलावून त्यांची उंची, वजन, उडी, हाताचा पंजासुद्धा मोजतात आणि चाळीस यार्डांची धाव घड्याळावर लावतात. २०१७ मध्ये जॉन रॉस ती ४.२२ सेकंदांत धावला. तोवर इतकं जलद त्या चाचणीत कुणी धावलं नव्हतं. सिनसिनाटीच्या संघाने त्याला त्या वर्षीच्या खेळाडू-निवडीत नवव्या क्रमांकावर उचललं आणि पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही. याच्या उलट जेरी राइस: मिसिसिपीतल्या एका छोट्या महाविद्यालयातला, गवंड्याचा मुलगा, उन्हाळ्यात बापाच्या कामावर विटा झेलणारा. त्याचं घड्याळ सामान्यच होतं. १९८५ मध्ये तो सोळाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे वीस हंगामांत त्याने २२,८९५ यार्डांची कमाई केली. तिथवर आजही कुणी पोहोचलेलं नाही.

ही गोष्ट साधारणपणे ‘घड्याळ खोटं, जिद्द खरी’ अशा थाटात सांगितली जाते. मला ती तशी पटत नाही. घड्याळ खोटं नव्हतं. रॉस खरोखर तितका वेगवान होता. आणि राइसच्या बाबतीत सांगताना लोक जो मनुष्य गाळतात तो चेंडू फेकणारा. राइसला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आधी जो मोंटाना आणि मग स्टीव्ह यंग मिळाला. चेंडू फेकणारा नीट नसेल तर झेलणारा नुसता पळत राहतो. त्या खेळात हे परावलंबन उघड्यावर आहे, त्यामुळे तिथला भाष्यकार झेलणाऱ्याचं मोल करताना फेकणाऱ्याचं नाव आधी विचारतो. आपल्या चढाईपटूचं परावलंबन झाकलेलं असतं. त्याच्या हातात कुणी चेंडू ठेवत नाही, त्याला कुणी दिशा देत नाही. तो स्वतःच्या पायांनी जातो आणि स्वतःच्या पायांनी येतो. म्हणून आपण त्याची किंमत त्याच्या एकट्याच्या नावावर लावतो आणि मग अकराव्या क्रमांकाकडे बघत बसतो.

लिलाव या पद्धतीची स्वतःची एक गंमत आहे. १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास मांडला. समुद्राखाली तेल किती आहे याचा अंदाज प्रत्येक कंपनी आपापल्या परीने करते. कुणाचा कमी येतो, कुणाचा जास्त. लिलाव जिंकते ती कंपनी, जिचा अंदाज सर्वांत जास्त आलेला असतो. म्हणजे बहुतेक वेळा तीच, जिची चूक वरच्या अंगाने सर्वांत मोठी. याला पुढे जिंकणाऱ्याचा शाप म्हणू लागले. हा शाप कबड्डीच्या टेबलांवरही बसलेला दिसतो. बारा संघांचे बारा अंदाज. फळी वर ठेवून जो शेवटपर्यंत थांबतो त्याचा अंदाज इतर अकरांहून चढा असतो. त्या अकरांत त्या खेळाडूला रोज सरावात पाहिलेला त्याचा जुना संघही असतो. त्याने का सोडलं असेल, हा विचार ऐन बोलीच्या भरात फार कुणाला सुचत नाही. बैलबाजारात तो पहिला सुचतो: “इतका गुणाचा हाय, तर इकतोस कशाला?”

नवव्या हंगामासाठी, २०२२ मध्ये, तमिळ थलैवाजनी पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. तोवर इतकी किंमत कुणालाच आली नव्हती. सहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात एकट्याने २२ गुण घेऊन बेंगळुरू बुल्सला विजेतेपद मिळवून देणारा, पुढच्याच हंगामात एका सामन्यात ३९ गुण घेणारा हा माणूस. त्याच्या मोलाबद्दल शंका घेण्याचं कुणाला कारण नव्हतं. पहिल्याच सामन्यात, पहिल्या काही मिनिटांत त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. थलैवाज तोवर एकदाही बाद फेरीत गेले नव्हते. या वेळी, पवनशिवाय, ते उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले आणि तिथे पुणेरी पलटणकडून दोन गुणांनी हरले. त्यांना तिथवर नेणारा नरेंदर हा नवखा पोरगा. त्याने २४३ चढाईगुण घेतले. लिलावाच्या दिवशी त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पुढच्या हंगामासाठी पवन पुन्हा लिलावात आला. या वेळी टायटन्सनीच त्याला घेतलं, २ कोटी ६० लाख ५० हजारांना, म्हणजे आणखी एक विक्रम. पवन उत्तम खेळला, दोनशेहून अधिक चढाईगुण त्याने घेतले, आणि टायटन्स बावीसपैकी दोन सामने जिंकून तळाला राहिले. आमच्याकडच्या त्या टायटन्सवाल्या गटाचं काय झालं असेल ते सांगायला नको. त्यातले बरेच जण आता पुण्याकडे झुकले आहेत; त्यांची मुलंही शिकायला तिकडेच असतात.

म्हणून मोठ्या किमतीचा माणूस घेऊच नये का? पलटणकडे बोट दाखवून असं म्हणणारे पुष्कळ आहेत. २०२१-२२ च्या आठव्या हंगामात पलटणकडे राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही लीगच्या सुरुवातीच्या काळातली दोन गाजलेली नावं होती. हंगाम जसा पुढे गेला तसा भार अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नवख्यांनी उचलला. अस्लम आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. त्याच्याच नेतृत्वाखाली १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या हरलेल्या हरियाणाच्या संघात सिद्धार्थ देसाई होता, हे जाता जाता सांगायला हवं. पण ‘घरची पोरं चांगली, विकतची वाईट’ हा निष्कर्षही घाईचा आहे. त्याच विजेत्या पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाख मोजले होते. पुढच्या वर्षी हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि हरियाणा विजेते झाले. पैसा ओतूनच मिळालेली विजेतेपदं आहेत ही. फरक इतकाच की शादलू हा मुळात डाव्या कोपऱ्याचा पकडपटू, गरज पडली तर चढाईलाही जाणारा. तो आपल्या चढाईपटूंना पुन्हा पुन्हा मैदानात आणतो. त्यांच्या खात्यावर जमा होणाऱ्या गुणांतला काही वाटा त्याचा असतो आणि तो कुठेही लिहिला जात नाही.

माणूस पारखण्याचा सर्वांत थंड डोक्याने केलेला विचार मी वाचलाय तो कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तला. मुंबई विद्यापीठाने प्रकाशित केलेल्या र. पं. कंगल्यांच्या चिकित्सक आवृत्तीमुळे हा ग्रंथ आपल्या पिढ्यांना नीट हाती आला. पहिल्याच अधिकरणात अमात्यांच्या परीक्षेचा अध्याय आहे. धर्म, अर्थ, काम आणि भय या चार आमिषांनी अमात्याला गुप्तपणे चाळवून बघावं, असं तो सांगतो. इथवर ते हेरगिरीचं पुस्तक वाटतं. खरी बुद्धी पुढे दिसते. धर्माच्या परीक्षेत टिकला तो न्यायाच्या कामावर. अर्थाच्या परीक्षेत टिकला तो महसुलावर आणि कोठारावर. कामाच्या परीक्षेत टिकला तो विहारस्थानांच्या रक्षणावर. भयाच्या परीक्षेत टिकला तो राजाच्या जवळच्या कामावर. सगळ्यांत टिकला तो मंत्री. आणि कशातच टिकला नाही त्याला? त्यालाही तो हाकलत नाही. खाणी, लाकडाची आणि हत्तींची वनं, कारखाने इथे नेमतो. म्हणजे चार परीक्षांची बेरीज करून अमात्यांची क्रमवारी लावावी, हे कौटिल्याच्या डोक्यातसुद्धा येत नाही. आधी जागा, मग त्या जागेला लागणारी परीक्षा. गुणवत्तायादीवर श्रद्धा असलेल्या लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात बसून हे वाचताना जरा विचित्र वाटतं.

त्याच अध्यायात शेवटी कौटिल्य पूर्वाचार्यांना एक टोला देतो, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. परीक्षेसाठी राजाला किंवा राणीला आमिष म्हणून वापरू नये, आणि शुद्ध माणसाला परीक्षेच्या नादात नासवू नये. पाण्यात विष कालवल्यासारखं ते होईल, आणि एकदा नासलेल्या मनाला औषध सापडेलच असं नाही. परीक्षा ही तटस्थ नसते, ती परीक्षा देणाऱ्याला आपल्या आकाराचं बनवते, हे त्याने ओळखलं होतं.

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या लिलावात सर्वांत महाग गेला तो राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. त्यानंतर आकडे कुठल्या कुठे गेले, आणि ते गेले याचा आनंदच आहे. ज्या खेळात आयुष्य घालवून हाती पोलिसात किंवा रेल्वेत नोकरी आली तर नशीब, त्या खेळात शेतकऱ्याचा मुलगा कोटीत मोजला जातो, हे काही वाईट म्हणता येणार नाही. पण त्या आकड्यांनी आमच्या मैदानांवर काय केलं ते बघायचं तर तालुक्याच्या निवड चाचणीला यावं. पंधरा-सोळा वर्षांची पोरं येतात. प्रत्येकाला चढाईच करायची असते. प्रत्येकाचा एक मित्र रेषेबाहेर मोबाईल घेऊन उभा असतो, कारण चढाईची पंधरा सेकंदांची चित्रफीत पुढे पाठवता येते. कोपऱ्यात दोन पायांवर दबा धरून बसण्याची पाठवता येत नाही. पोरं बोनसला पाय टाकतात, कारण तो गुण स्वस्त पडतो. एकदम तिघांना टिपायला जातात, कारण तसली चढाई पुढे पाठवली जाते. दम घेऊन, वेळ काढून रिकामं परत यायचं कौशल्य ज्याच्याकडे आहे तो पोरगा निवडकर्त्यांना भित्रा वाटतो. डाव्या कोपऱ्यात कोण, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात आणि शेवटी सर्वांत उशिरा आलेल्याला तिथे उभं करतात. फझल आणि शादलू यांनी तीच जागा कोटीत नेऊन दाखवली, तरी आमच्याकडे ती अजून उशिरा आलेल्याची.

मागच्या चाचणीच्या वेळी मी निवडकर्त्यांना एक सुचवून पाहिलं. सगळ्या पोरांना चढाई करायला लावून गुण मोजू नका. आधी त्यांचे सात-सातचे संघ पाडा, एकमेकांशी खेळवा, आणि कुठला पोरगा मैदानात असताना त्याचा संघ जास्त वेळ भरलेला राहतो तेवढं एका वहीत टिपा. मामांनी लगेच मान डोलावली. निवडकर्त्यांपैकी एकाने विचारलं, “वही कोण धरणार?” दुसरा म्हणाला, जिल्ह्याला यादी पाठवताना नावापुढे चढाईगुणांचा रकाना असतो, तो रिकामा कसा ठेवायचा? मग ठरल्याप्रमाणे चढाया झाल्या, रकाना भरला आणि यादी त्याच दिवशी लातूरला गेली. तिच्यातल्या बारा नावांपैकी दहा चढाईपटू आहेत.